जुन्या मोटरहोममधील ओनान जनरेटरची तेलगळती: सील बदलण्यापूर्वी काय काय तपासावे?

वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि गेल्या वर्षी १९९४ सालचे एक मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, विकत घेतले आहे. त्यात ओनान कंपनीच्या एमराल्ड मालिकेतील ४ किलोवॅटचा, पेट्रोलवर चालणारा जनरेटर आहे. मॉडेल क्रमांकात बीजीई ही अक्षरे आहेत. जनरेटर पहिल्या प्रयत्नात सुरू होतो, छतावरचा एसी विनातक्रार ओढतो आणि व्होल्टेजही स्थिर राहते. अडचण एकच आहे, ती म्हणजे तेल. दुपारभर एसी चालवला की खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग पडतो, डिपस्टिकवरची पातळी उतरते, आणि खालून पाहिले तर संपूर्ण बूड इतके माखलेले दिसते की तेल नेमके कोठून येते याचा अंदाजच करता येत नाही.

येथील एका दुरुस्ती केंद्राने वाकून पाहिले आणि क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) पुढचे व मागचे असे दोन्ही ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी, गेले आहेत, जनरेटर पूर्ण खाली उतरवावा लागेल, असे सांगितले. त्यांनी सांगितलेली मजुरी पाहता जुना जनरेटर भंगारात काढणेच बरे असे वाटू लागले आहे. हत्यारे हाताळण्याची मला सवय आहे, मात्र या यंत्राशी पूर्वीचा परिचय नाही. जनरेटर न उतरवता काय काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तेलकट_बोटे

दोन्ही सील एकाच वेळी गेले, हे निदान साफसफाई न करता केलेले असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. सील गेलेले असूही शकतात, पण या इंजिनात सील हे बहुधा गळतीचे ठिकाण असते, कारण दुसरीकडेच असते.

बीजीईची रचना पाहिली की हे लक्षात येईल. हे हवेने थंड होणारे दोन सिलिंडरांचे इंजिन आहे. सिलिंडर आडवे आणि एकमेकांच्या विरुद्ध दिशेला आहेत, आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात व एकाच वेळी आत येतात. पिस्टन आत आले की क्रँककेसमधली, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचातली, हवा दाबली जाते, बाहेर गेले की तीच जागा मोठी होते. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेते, म्हणजे हा दाबण्याचा आणि ओढण्याचा खेळ मिनिटाला १८०० वेळा चालतो. दाबलेली हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. त्यात एक पातळ झडप असते, जी हवेला बाहेर जाऊ देते पण परत आत येऊ देत नाही. त्यामुळे इंजिन चालू असताना क्रँककेसमध्ये सरासरीने किंचित निर्वात राहतो. गॅस्केट आणि सील यांच्या बाजूने काम करणारी गोष्ट हीच आहे. बाहेरची हवा आत ओढली जात असते, म्हणून थोडे झिजलेले सीलही तेल धरून ठेवते.

आता ही झडप काजळीने चिकटली, वाकली किंवा तुटली, तिच्याजवळची जाळी घट्ट झालेल्या तेलाने बुजली, अथवा ब्रीदरची नळी कोठे दबली, तर निर्वाताच्या जागी दाब निर्माण होतो. ऑइल सीलची ओठासारखी कड उडणारे तेल अडवण्यासाठी बनवलेली असते, दाब अडवण्यासाठी नव्हे. मग तेल जेथे वाट मिळेल तेथून बाहेर पडते, आणि आपण जनरेटर उतरवून नवे सील बसवले तरी काही आठवड्यांत पुन्हा तोच डाग दिसतो.

म्हणून माझा क्रम असा असतो. सर्वप्रथम जनरेटरच्या बॅटरीची ऋण तार काढावी, कारण घराच्या आतल्या बटणावरूनही हे यंत्र सुरू होऊ शकते आणि आपला हात तेव्हा पंख्याजवळ असतो. मग थंड इंजिनावर डीग्रीझर मारून, ब्रशने घासून सगळे स्वच्छ करावे. पाण्याचा जोराचा फवारा मारायचा असेल तर जनरेटरच्या तारांच्या गुंडाळीकडे, ब्रशेसकडे (फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांकडे) आणि कंट्रोल बोर्डाकडे तो जाऊ देऊ नये. माझ्या मते फवारा टाळून चिंध्यांनी पुसलेलेच बरे, वेळ लागतो पण नवीन दुखणे मागे लागत नाही. पूर्ण कोरडे झाल्यावर तेलात चमकणारा रंग घालावा. तो वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळतो. दहा-पंधरा मिनिटे जनरेटर चालवून बंद करावा आणि अंधार पडल्यावर अतिनील टॉर्चने पाहावे. पाहताना सर्वांत खालचा नव्हे, तर सर्वांत वरचा ओला ठिपका शोधावा. थंडाव्याच्या पंख्याची हवा तेलाला वाटेल तिकडे पसरवते, त्यामुळे खाली जेथे थेंब लोंबतो तेथे गळती असतेच असे नाही.

त्याच दिवशी एअर फिल्टरही उघडून पाहा. ब्रीदरची नळी त्याच बाजूला जोडलेली असते, त्यामुळे फिल्टर किंवा कार्बुरेटरचे तोंड तेलाने ओले असेल तर ब्रीदरवर संशय घ्यायला तो चांगला पुरावा आहे.

वाळवंटवासी

मी अ‍ॅरिझोनात राहतो आणि माझ्याकडेही याच पिढीचा जनरेटर आहे. आमच्या कोरड्या उन्हात रबर लवकर कडक होते. मी गळती थांबवणारे तयार द्रव तेलात घातले आणि गळती बरीच कमी झाली. वाटसरू यांनी मोठ्या कामाला हात घालण्याआधी ते करून पाहायला काय हरकत आहे? किंवा थोडे जाड तेल वापरावे.

तेलकट_बोटे

हरकत अशी की त्यामुळे निदान पुसले जाते. ती द्रव्ये रबराला फुगवतात आणि मऊ करतात. सील केवळ कडक झाले असेल तर काही काळ उपयोग होतो, हे खरे आहे. परंतु कारण दाब असेल तर फुगलेले सील काही दिवस टिकते आणि नंतर अधिकच सैल पडते. मोटरहोम पुढच्या महिन्यात विकायचे असते तर गोष्ट वेगळी, पण वाटसरू यांना ते वापरायचे आहे.

तेलाच्या जाडीबाबत पुस्तिकेत तापमानानुसार जे दिले आहे तेच घालावे. टेक्साससारख्या उन्हाळ्यात या जुन्या इंजिनांना साधे एसएई ३० तेल मानवते. त्याहून जाड तेल घातले की थंड असताना ते वर चढायला वेळ लागतो, आणि हे इंजिन हवेवर थंड होत असल्यामुळे तेलावर उष्णतेचा बराच भार असतो, हे विसरू नये.

पुणेरी_पाना

मी पुण्यात डिझेल जनरेटर संचांच्या देखभालीत अनेक वर्षे काढली आहेत. मोटरहोम मी केवळ चित्रांत पाहिले आहे, पण ओनान हे नाव आम्हाला परके नाही. मिनिआपोलिसमध्ये १९२० साली सुरू झालेल्या या कंपनीतील मोठा हिस्सा कमिन्सने १९८६ मध्ये आणि उरलेला १९९२ मध्ये घेतला. इकडे कमिन्स १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या सोबतीने पुण्यात आली, त्यामुळे आमच्यातील पुष्कळ मंडळींचे हात त्याच घराण्याच्या यंत्रांवर वळले आहेत.

वर मांडलेला क्रँककेसच्या दाबाचा मुद्दा डिझेल संचांनाही लागू आहे. सोसायटीच्या जनरेटरखाली तेल दिसले की सभासद ‘सील बदला’ म्हणतात, आम्ही मात्र आधी ब्लो-बाय मोजायचो. ब्लो-बाय म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधून निसटून क्रँककेसमध्ये उतरणारा वायू. तो वाढला असेल तर ब्रीदर उत्तम स्थितीत असूनही पुरा पडत नाही. म्हणून ब्रीदर स्वच्छ केल्यावरही दाब राहिला तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा आहे असे समजावे.

हे मोजायला महागडे उपकरण लागत नाही. एक-दीड मीटर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात फळीवर बांधावी आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. एक टोक भोक पाडलेल्या रबरी बुचातून तेल भरण्याच्या तोंडात घट्ट बसवावे आणि दुसरे टोक उघडे ठेवावे. बूच इंजिन बंद असतानाच बसवावे. चालू इंजिनाची डिपस्टिक काढल्यास गरम तेल अंगावर उडू शकते. सुरू करताना नळी चिमटीत दाबून धरावी आणि वेग स्थिर झाल्यावर हळूहळू सोडावी, म्हणजे पाणी आत ओढले जाणार नाही. इंजिनाकडच्या बाजूचे पाणी वर चढले तर आत निर्वात आहे आणि ब्रीदर काम करत आहे. उघड्या बाजूचे पाणी चढले तर आत दाब आहे. दोन पिस्टन एकदम हलत असल्याने पाणी थरथरेल, पण नळी किंचित दाबून धरली की सरासरी पातळी दिसते.

ओहायोकर

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. सील सोडून आणखी काही जागा आहेत, ज्या जनरेटर न उतरवता हाताला येतात, आणि दुरुस्ती केंद्रे घाईत त्यांकडे पाहतही नाहीत.

पहिली जागा म्हणजे तेलाच्या दाबाचा स्विच. तेलाचा दाब पडला की इंजिन बंद करणारा हा छोटा भाग जुना झाला की त्याच्या मधल्या प्लास्टिकमधून, म्हणजे तारेच्या टोकाजवळून, तेल पाझरू लागते. आत दाबाचे तेल असल्याने चिमुकल्या भेगेतूनही भरपूर तेल निघते आणि ते इंजिनाच्या अंगावरून खाली वाहते. स्विच स्वस्त असतो. त्याचे आटे निमुळते असतात, त्यामुळे सीलंट अगदी थोडे लावावे आणि पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर सीलंटचा तुकडा तेलाच्या वाटेत जातो. पाना जोराने ओढू नये, समोरचा धातू अ‍ॅल्युमिनियमचा आहे.

दुसरी जागा तेलाचा फिल्टर. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, असे अनेक ठिकाणी आढळते. फिल्टर ज्या तुकड्यावर बसतो त्याच्यामागेही गॅस्केट असते. तेही पाहावे.

तिसरी जागा तेल भरण्याचे झाकण. त्याचे रबर दगडासारखे झाले असेल तर तेथून हवा आत येते आणि वर सांगितलेला निर्वात टिकतच नाही. काही डॉलरचे हे रबर बदलून गळती कमी झालेली मी पाहिली आहे.

याशिवाय व्हॉल्व्हच्या कप्प्यांची झाकणे, तेलाच्या तळपात्राचे बोल्ट, तेल काढण्याची तोटी आणि तिची नळी, तसेच गव्हर्नरचा दांडा ज्या भोकातून बाहेर येतो ती जागा, यांवरही टॉर्च मारावा. तळपात्राचे बोल्ट कंपनाने सैल होतात. ते समोरासमोरच्या जोड्यांनी, टॉर्क पान्याने आवळावेत. गव्हर्नरची कांडी मात्र हलवू नये. चार ध्रुवांच्या या जनरेटरला ६० हर्ट्झ देण्यासाठी नेमके १८०० फेरे लागतात आणि तो वेग त्याच कांडीवर ठरतो.

पातळी तपासताना गाडी खरोखर सपाट उभी आहे ना, हे स्पिरिट लेव्हलने पाहावे. उतारावर पाहून तेल घातले की ते जास्त होते, क्रँकचे भाग तेल घुसळतात आणि ब्रीदरमधून फेस बाहेर येतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, हेही पाहा. कार्बुरेटरची सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल तेलात उतरून ते पातळ होते आणि पातळी उगीचच वाढलेली दिसते. तसे असेल तर जनरेटर चालवू नका. आधी कार्बुरेटर दुरुस्त करून तेल बदला.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन शनिवार-रविवारी हे काम केले.

पुसून झाल्यावर प्रथमच यंत्राचा मूळ हिरवा रंग दिसला. पेट्रोलचा वास नव्हता. एअर फिल्टर मात्र तेलाने थबथबलेला होता. पाण्याची नळी बसवली, तर उघड्या बाजूचे पाणी ठळकपणे वर चढले, म्हणजे आत दाब होता. ब्रीदर उघडला. झडपेची पातळ पट्टी एका बाजूला काळ्या, डांबरासारख्या थराने चिकटून अर्धवट उघडी राहिली होती. नखाने टोचल्यावर ती टक् असा आवाज करून सुटली. जाळीचे तर चक्क कडक बूच झाले होते. दोन्ही भाग कार्बुरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून स्वच्छ केले. पट्टी काचेवर ठेवून पाहिली, ती सपाट आहे. झाकणाचे गॅस्केट नवे घातले आणि तेल भरण्याच्या झाकणाचे रबरही बदलले. आता नळीत पाणी इंजिनाकडे चढते.

त्यानंतर रंग घालून रात्री टॉर्चने पाहिले. तेलाच्या दाबाचा स्विच तारेच्या टोकापाशी हिरवा चमकत होता आणि तेथून एक रेघ सरळ खाली गेली होती. स्विच बदलला. आता पुठ्ठ्यावर डाग पडत नाही, परंतु फ्लायव्हीलच्या (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील जड चाकाच्या) मागे गिअर-कव्हरच्या खालच्या कडेला अजूनही बारीक चमक दिसते. मागच्या बाजूला, जनरेटर इंजिनाला जोडला जातो त्या कवचाच्या तळाशी काहीही नाही. पुढचे सील आता बदलावे का? आणि बदलायचे ठरल्यास उतरवल्याशिवाय जमेल का?

तेलकट_बोटे

ब्रीदरचे झाकण बसवताना बोल्ट फार आवळला नाही ना, एवढे पाहा. झाकण वाकले की कडेने हवा शिरते आणि पुन्हा तोच घोळ होतो.

मागचे कवच कोरडे आहे ही सर्वांत चांगली बातमी आहे. मागचे सील बदलायचे तर जनरेटरचा मागचा भाग सोडवून रोटर निमुळत्या शाफ्टवरून काढावा लागतो आणि त्यासाठी सगळे यंत्र खाली घ्यावे लागते. त्या सीलमधून तेल गेले तर ते गुंडाळीपर्यंत आणि कालांतराने ब्रशेसपर्यंत पोहोचते, त्यामुळे तेथील गळती मी कधीच दुर्लक्षित करत नाही. पुढच्या सीलमधून नुसती ओल येत असेल तर मी तूर्त थांबलो असतो. निर्वात परत आला आहे. सील इतका काळ दाबाखाली होते, त्याला काही तास काम करू द्या आणि ओल वाढते की आटते ते पाहा.

ओहायोकर

मीही थांबा असेच म्हणेन. पण पुढे कधी करायची वेळ आलीच तर ही माहिती उपयोगी पडेल.

ते न उतरवता होईल की नाही, हे तुमच्या मोटरहोममध्ये जनरेटरसमोर किती जागा आहे यावर अवलंबून आहे. समोरचे दार मोठे असेल तर पुढचे आच्छादन काढून फ्लायव्हीलपर्यंत हात पोहोचतो. फ्लायव्हील निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेले असते. त्याचा बोल्ट काही आटे सैल करावा पण पूर्ण काढू नये, म्हणजे फ्लायव्हील सुटले तरी पायावर पडत नाही. मग पुलर (घट्ट बसलेले चाक सरळ ओढून काढणारे हत्यार) लावून ताण द्यावा. फ्लायव्हीलची पाती हीच पंख्याची पाती आहेत, त्यामुळे कडेला पहार घालून उचकटले तर पाते मोडते, तोल जातो आणि फ्लायव्हीलच बदलावे लागते. हातोडा तर दूरच ठेवा.

जुने सील काढताना शाफ्टवर ओरखडा उठू देऊ नये. ते निघाल्यावर शाफ्टवर नख फिरवून पाहा. सीलची कड वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी घासून तेथे खाच पडलेली असते. नख अडकले तर नुसते नवे सील बसवून उपयोग नाही, कारण नवी कडही त्याच खाचेत बसेल. अशा वेळी नवे सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवता येते का, ते पाहावे. नाहीतर शाफ्टवर चढवायची पातळ पोलादी बाही मिळते, एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह त्याच कामासाठी आहे. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणून त्याच मापाचे सील तिच्यावर चालते. नवे सील चढवण्याआधी शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळावी, कडेला तेल लावावे आणि स्प्रिंग असलेली बाजू इंजिनाच्या आत ठेवावी. कोरडे सील पहिल्या मिनिटातच जळते.

वाळवंटवासी

एवढे करण्यापेक्षा नवा, हलका, शांत जनरेटर बसवला तर? किंवा बाहेर ठेवायचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर?

ओहायोकर

नवा बसवायचा तर काही हजार डॉलरचा खर्च आहे. शिवाय जुन्या कप्प्यात त्याचे माप, तारा, इंधनाची नळी आणि सायलेन्सर जुळवावे लागतात. बाहेर ठेवायचे बरेच छोटे जनरेटर ३६०० किंवा त्याहून अधिक फेऱ्यांवर धावतात. मिनिटाला १८०० फेरे घेणारे हे जुने यंत्र रिंगा आणि व्हॉल्व्ह शाबूत असतील तर अजून बरीच वर्षे काम देईल. ब्रीदर साफ केल्यावर निर्वात तयार झाला, याचाच अर्थ रिंगा ठीक असाव्यात.

पुणेरी_पाना

एक गोष्ट राहिली. कप्प्याच्या आतल्या बाजूला आवाज शोषणारे अस्तर असते आणि ते वर्षानुवर्षे तेल पिऊन बसलेले असते. सायलेन्सर शेजारीच आहे आणि इंधन पेट्रोल आहे. तेलाने भिजलेले अस्तर पुसून स्वच्छ होत नाही, ते काढून आग न धरणारे नवे लावावे. सिलिंडरच्या पंखांमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये) तेल व धूळ मिळून जी खपली बसते, तीही काढावी, नाहीतर इंजिनाला हवाच लागत नाही. काम संपल्यावर सगळी पत्र्याची आच्छादने परत लावावीत. ती शोभेसाठी नसून पंख्याची हवा पंखांवरून नेण्यासाठी आहेत.

वाटसरू

अस्तराचा एक कोपरा खरोखरच तेलाने जड झाला आहे, तो या आठवड्यात बदलतो. पुढच्या सीलला तूर्त हात लावत नाही. जनरेटर महिन्यातून दोन तास निम्म्या भारावर चालवावा असे पुस्तिकेत लिहिले आहे, त्याप्रमाणे चालवीन आणि प्रत्येक वेळी पाण्याची नळी व टॉर्च या दोन्हींनी पाहीन. ओल वाढली तर पुलरसह पुन्हा येथेच येतो.

तेलकट_बोटे

टॉर्चने पाहण्याआधी गिअर-कव्हरची खालची कड दरवेळी कोरडी पुसून घ्या. रंगाचे जुने डाग महिनोन्महिने चमकत राहतात आणि थांबलेली गळतीही चालू असल्यासारखी दिसते.